नाताळचा चित्रपट कोणता?

१९४७ सालच्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील चित्रगृहांमध्यें ‘मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट’ नांवाचा एक नवा बोलपट लागला. न्यूयॉर्क शहरांतील एका मोठ्या दुकानांत नाताळच्या दिवसांत मुलांचें मन रमविण्यासाठीं सांताक्लॉजचा वेष दिलेला एक म्हातारा आपण खरोखरच सांताक्लॉज आहों असें सांगूं लागतो, आणि अखेर त्या प्रश्नाचा निकाल न्यायालयांत लागतो, अशी त्याची कथा. असल्या कथेचा चित्रपट डिसेंबरांत बाहेर काढावा हें कोणासही सुचेल. परंतु ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स संस्थेचे सूत्रधार डॅरिल झॅनक ह्यांचा हिशेब निराळा होता. उन्हाळ्यांत लोक चित्रगृहांकडे अधिक लोटतात, म्हणून चित्रपट उन्हाळ्यांतच लागला पाहिजे असा त्यांनीं आग्रह धरला. आणि जाहिरातींतून त्यांतील नाताळचा मागमूसही कोणास लागूं दिला नाहीं.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘नाताळचा चित्रपट’ म्हणून आज जो स्वतंत्र प्रकार मानला जातो, त्याचें खातें त्या वेळीं धंद्याच्या वहींत अजून उघडलेलें नव्हतें. कथेला एखादें युद्ध किंवा एखादा पावसाळा असावा तसा नाताळ असे. पुढें हाच चित्रपट दर डिसेंबरांत घरोघर पाहिला जाऊं लागला. त्यांतील म्हाताऱ्याच्या कामाबद्दल एडमंड ग्वेन ह्यांस ऑस्कर पारितोषिक मिळालें हें लोकांच्या ध्यानांत राहिलें. पण तो प्रथम उन्हाळ्यांत लागला होता, ही गोष्ट आज बहुतेकांच्या गांवींही नाहीं.

आतां तर नाताळ जवळ आला कीं इंग्लंड-अमेरिकेंतील घराघरांत एक ठराविक वाद निघतो. आजीला कृष्णधवल चित्रपट हवा असतो, नातवाला बंदुकांचा. सुनेला प्रेमकथा हवी असते आणि मुलाच्या मतें ह्यांपैकीं एकही ‘खरा’ नाताळचा चित्रपट नसतो. ह्या वादाकडे पोरखेळ म्हणून पाहणें सोपें आहे, आणि त्यांत पोरखेळ पुष्कळ आहेही. परंतु ज्या वस्तूविषयीं शहाणीं माणसें दर वर्षीं न चुकतां भांडतात, त्या वस्तूंत त्यांचें कांहींतरी गुंतलेलें असतें असा आमचा समज आहे. बालगंधर्वांचें गाणें श्रेष्ठ कीं मास्टर दीनानाथांचें ह्यावर आपल्याकडे ज्यांनीं रात्री जागविल्या, ते केवळ स्वरांविषयीं बोलत नव्हते. आपल्या तरुणपणाविषयीं बोलत होते.

नाताळ आणि चित्रपट ह्यांची सोयरीक मात्र जुनी आहे. ब्रायटन येथील जी. ए. स्मिथ ह्यांनीं १८९८ सालीं ‘सांताक्लॉज’ नांवाचा अगदीं छोटा मूकपट घेतला. निजलेल्या मुलांची खोली दाखवीत असतांनाच छपरावरच्या धुराड्यांत उतरणारा सांताक्लॉज त्यांनीं एका वर्तुळांत दाखविला, आणि एकाच चौकटींत दोन स्थळें आणलीं. १९०१ सालीं रॉबर्ट पॉल ह्यांच्या कारखान्यांतून वॉल्टर बूथ ह्यांनीं दिग्दर्शित केलेला स्क्रूजच्या कथेवरचा मूकपट बाहेर पडला. म्हणजे चित्रपटाला धड चालतां येईना, तोंच त्यानें डिकन्सचें बोट धरलें!

डिकन्सची ‘ए ख्रिसमस कॅरल’ ही लहानशी कथा १८४३ च्या डिसेंबरांत प्रसिद्ध झाली. कृपण स्क्रूज, त्याच्या मेलेल्या भागीदाराचें भूत, आणि मागले, चालू व पुढले नाताळ दाखविणारे तीन आत्मे ह्या सामग्रीवर आजवर इतके चित्रपट निघाले आहेत कीं, कोणता स्क्रूज चांगला हाच एक स्वतंत्र वाद होऊन बसला आहे. १९३८ सालीं मेट्रो-गोल्डविन-मेयरनें काढलेल्या चित्रपटांत रेजिनल्ड ओवेन हे स्क्रूज होते. तो सगळ्या कुटुंबाला बिनधोक पाहतां यावा म्हणून त्यांतील भीति बरीच सौम्य केली होती, आणि आत्म्याच्या झग्याखालून बाहेर पडणारीं ‘अज्ञान’ व ‘दारिद्र्य’ हीं दोन खंगलेलीं मुलें तर मुळींच गाळलीं होतीं. डिकन्सच्या कथेंतील रागाचा कणा म्हणजे तीं दोन मुलें. तीं गेलीं कीं उरतें तें मेजवानीचें वर्णन. ब्रायन डेस्मंड हर्स्ट ह्यांच्या १९५१ च्या इंग्रजी चित्रपटांत ॲलस्टेर सिम ह्यांनीं केलेला स्क्रूज आम्हांस सर्वांत सरस वाटतो. तो सुधारल्यावर इतका आनंदतो कीं, त्याच्या घरची झाडलोट करणारी बाई त्याचें हसणें ऐकून किंचाळत जिन्याकडे पळत सुटते. ज्यानें आयुष्यांत कधीं आनंद केला नाहीं त्याचा आनंद प्रथम वेडासारखा दिसतो, हें डिकन्सच्या मर्मज्ञालाच कळावें. तरुण पिढीचा कल मात्र १९९२ च्या, कापडी बाहुल्यांच्या ‘मपेट’ चित्रपटाकडे आहे. त्यांत मायकेल केन हे सभोंवार बोलणारे बेडूक आणि डुकरिणी असतांनाही, जणूं एखाद्या प्रतिष्ठित नाट्यगृहांत उभे आहों अशा गांभीर्यानें काम करतात. आणि त्या गांभीर्यामुळेंच चित्रपट उभा राहतो. त्यांतील एक दुःखी गाणें चित्रगृहांत दाखवितांना गाळलें होतें. तें पुढें २०२२ सालीं पुनः जोडलें गेलें, तेव्हां तें हवें होतें कीं नको होतें ह्यावर आणखी एक वाद झाला.

ह्या ठिकाणीं आपल्या घरची एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. दादासाहेब फाळके ह्यांनीं मुंबईंतील एका चित्रगृहांत ख्रिस्तचरित्राचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त चालत असतां त्यांच्या मनश्चक्षूंपुढें राम-कृष्ण उभे राहिले. आणि त्या ध्यासांतून १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ निघाला, ही कथा सर्वश्रुत आहे. तो खेळ केव्हांचा ह्याविषयीं चरित्रकारांत एकमत नाहीं. कोणी १९१० चा नाताळ सांगतात, तर कोणी १९११ चा ईस्टर. कोणताही असो, ख्रिस्ती सणानिमित्त लावलेल्या एका चित्रपटाचें ऋण मराठी माणसाच्या चित्रकलेवर आहे. ‘नाताळ’ हा शब्द जसा आम्हीं पोर्तुगीजांकडून घेतला आणि आपलासा केला, तसेंच हेंही.

परंतु वाद कोणताही असो, त्यांत हटकून पहिल्यानें निघणारें नांव म्हणजे फ्रँक काप्रा ह्यांच्या ‘इट्स ए वंडरफुल लाइफ’चें. त्याची जन्मकथाच मुळीं नाताळच्या भेटीची आहे. फिलिप व्हॅन डोरेन स्टर्न नांवाच्या लेखकाला एक छोटी गोष्ट सुचली. ती छापावयास कोणी मिळेना. तेव्हां १९४३ च्या नाताळांत त्यानें तिच्या २०० प्रती स्वतः छापून स्नेहीमंडळींस शुभेच्छापत्रादाखल धाडल्या. फिरतफिरत ती आर. के. ओ. ह्या चित्रसंस्थेच्या हातीं पडली, आणि तेथून युद्धावरून परतलेल्या काप्रांच्या नव्या लिबर्टी फिल्म्स संस्थेकडे आली.

कथा अशी. बेडफर्ड फॉल्स नांवाच्या लहान गांवांतील जॉर्ज बेली ह्या तरुणाला जग पाहावयाचें आहे, पूल आणि इमारती बांधावयाच्या आहेत. पण दर खेपेस निघण्याच्या वेळीं कांहींतरी आड येतें: कधीं बापाचा मृत्यु, कधीं भावाचें लग्न, कधीं बँकांवरचें अरिष्ट. गरिबांना घरासाठीं कर्ज देणारी बापाची लहानशी पतसंस्था बुडूं नये म्हणून तो जन्मभर त्याच गांवांत अडकून पडतो. नाताळच्या आदल्या दिवशीं त्याच्या विसराळू चुलत्याच्या हातून संस्थेचे ८,००० डॉलर गहाळ होतात. ते गांवांतील धनाढ्य पॉटरच्या हातीं लागतात, आणि तो ते गुपचूप दाबून ठेवतो. जॉर्ज पुलावर जीव द्यावयास जातो. तेथें क्लॅरन्स नांवाचा एक दुय्यम दर्जाचा देवदूत, तो जन्मलाच नसता तर गांवाची काय दशा झाली असती, तें त्याला दाखवितो. जॉर्ज धांवत घरीं येतो. आणि गांवकरी आपापल्या कनवटीचे पैसे आणून त्याच्या टेबलावर ओततात.

पॉटरचें काम लायोनेल बॅरिमोर ह्यांचें आहे, आणि हेच बॅरिमोर अमेरिकन नभोवाणीवर वर्षानुवर्षें स्क्रूजचें काम करीत असत. काप्रांनीं स्क्रूजला आपल्या चित्रपटांत आणलें खरें, पण त्याला सुधारूं दिलें नाहीं. आत्मे पॉटरकडे फिरकतच नाहींत. ज्याला ती भयंकर रात्र पाहावी लागते तो कृपण नव्हे, उदार मनुष्य आहे. चोरलेले पैसे शेवटपर्यंत परत येत नाहींत, पॉटरला शिक्षाही होत नाहीं. हा चित्रपट पाकांत घोळलेला आहे असा जो आक्षेप घेतला जातो, तो घेणाऱ्यांनीं बहुधा शेवटचीं दहा मिनिटेंच ध्यानांत ठेवलेलीं असतात. एका माणसाच्या सगळ्या इच्छा एकेक करून कशा मोडत गेल्या ह्याचा इतका बारीक हिशेब मांडणारे चित्रपट आम्हांस फार ठाऊक नाहींत. युद्धांत बाँबफेकी विमानाचे वैमानिक म्हणून काम करून आलेल्या जेम्स स्ट्युअर्ट ह्यांचा चेहरा त्या खानावळींतील प्रार्थनेच्या प्रसंगीं जसा फाटल्यासारखा होतो, तसा त्यांच्या पूर्वीच्या चित्रपटांत झालेला दिसत नाहीं. एक दोष मात्र झांकतां येत नाहीं. जॉर्ज नसता तर त्याच्या बायकोचें काय झालें असतें? तर ती चष्मा लावून ग्रंथालयांत काम करणारी अविवाहित बाई झाली असती! हें भयंकर संकट म्हणून दाखविलेलें पाहून आजची कोणतीही शिकलेली स्त्री हसते, आणि तिचें हसणें योग्यच आहे.

चित्रपटांतील बर्फ मात्र १९४६ च्या कडक उन्हाळ्यांतलें. त्यापूर्वी पडद्यावरच्या बर्फासाठीं मक्याचे पोहे पांढरे रंगवून पसरीत असत, आणि ते पायांखालीं इतके वाजत कीं, नटांचीं वाक्यें मागाहून पुनः ध्वनिमुद्रित करावीं लागत. ह्या खेपेस आग विझविण्याचा फेस, साबण आणि पाणी ह्यांचें मिश्रण करून वाऱ्यावर उडविलें. तें निःशब्द पडलें. त्या युक्तीला अकादमीचें तांत्रिक पारितोषिक मिळालें. चित्रपटाला मिळालेलें तेवढेंच. ऑस्करसाठीं त्याचें नांव पांच विभागांत होतें, पण त्या वर्षीं ‘द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज’ ह्या, युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या चित्रपटानें बाजी मारली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे परीक्षक बॉस्ली क्राउथर ह्यांस काप्रांची भावविवशता रुचली नाहीं. खर्च भरून निघाला नाहीं आणि लिबर्टी फिल्म्स पॅरामाउंटला विकावी लागली. अमेरिकेच्या गुप्त पोलिसांच्या १९४७ च्या एका टिपणांत तर सावकाराला खलपुरुष करणें हा कम्युनिस्टांचा ठरलेला डाव असल्याची नोंद आहे. नाताळच्या गोड चित्रपटाविषयीं ही शंका कोणास यावी ह्याचें हसूं येतें; पण पॉटरकडे त्या टिपणकारानें, पुढच्या कित्येक प्रेक्षकांपेक्षां, अधिक लक्ष देऊन पाहिलें होतें असें म्हणावें लागेल.

मग हा पडलेला चित्रपट उठला कसा? रसिकांनीं नव्यानें शोधून काढला असें सांगतां आलें असतें तर बरें वाटलें असतें. पण खरें कारण कचेरींतलें आहे. अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्याप्रमाणें चित्रपटावरचा स्वामित्वहक्क प्रथम २८ वर्षें चाले, आणि मग अर्ज करून तो पुढें वाढवून घ्यावा लागे. १९७४ सालीं ती मुदत भरली तेव्हां ज्या कंपनीकडे हक्क आला होता तिच्याकडून अर्ज करावयाचाच राहून गेला. चित्रपट बेवारस झाला. दूरचित्रवाणीच्या लहानमोठ्या केंद्रांना डिसेंबरांत वेळ भरून काढावयाचा असे. हा फुकट मिळत होता. म्हणून त्यांनीं तो सकाळ-संध्याकाळ, या केंद्रावरून त्या केंद्रावर, वर्षानुवर्षें लावला. चित्रगृहांत ज्याच्याकडे लोकांनीं पाठ फिरविली, तो अशा रीतीनें घराघरांत शिरला आणि एका पिढीच्या बालपणाचा भाग झाला. त्याला रंग चढवून दाखविण्याची टूम निघाली तेव्हां काप्रा आणि स्ट्युअर्ट दोघांनींही विरोध केला. परंतु बेवारस मालाला मालकाचें ‘नको’ कोठून असणार?

पुढें कायद्यानेंच चाक उलटें फिरविलें. १९९० सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें ‘रिअर विंडो’ ह्या चित्रपटाच्या खटल्यांत मूळ कथेच्या हक्काला महत्त्व दिलें. त्या चित्रपटाचे नायक, आणि त्या खटल्यांतील एक पक्षकार, पुनः जेम्स स्ट्युअर्टच! त्या निकालाच्या आधारानें १९९३ सालीं रिपब्लिक पिक्चर्स ह्या कंपनीनें स्टर्नची कथा आणि चित्रपटांतील संगीत ह्यांवरचा आपला हक्क पुढें केला, आणि बेवारस मालाला पुनः मालक मिळाला. १९९४ पासून एन. बी. सी. ह्या एकाच संस्थेवरून तो वर्षांतून मोजक्याच वेळां दिसूं लागला. तोंपर्यंत त्याचें आसन पक्कें झालें होतें. लोकप्रियता गुणांवर मिळते असें मानणाऱ्यांनीं आणि ती निव्वळ योगायोग आहे असें मानणाऱ्यांनीं, दोघांनींही ही हकीकत नीट तपासून पाहावी. गुण १९४६ सालींही होतेच. त्यांना अठ्ठावीस वर्षें आणि एक विसरलेला अर्ज लागला.

बिंग क्रॉस्बी ह्यांच्या दोन चित्रपटांविषयीं येथें थोडक्यांतच सांगतों. ‘व्हाइट ख्रिसमस’ हें गाणें ज्यांतून घराघरांत पोंचलें तो ‘हॉलिडे इन’ १९४२ च्या ऑगस्टांत लागला. आणि त्या गाण्याचे कर्ते अर्विंग बर्लिन हे रशियांतून आलेल्या ज्यू कुटुंबांतले. गाणें इतकें गाजलें कीं, १९५४ सालीं त्याच्या नांवाचाच नवा चित्रपट काढावा लागला. दोहोंत पहिला अधिक चटपटीत आहे. पण त्यांत तोंडाला काळें फांसून निग्रोंची नक्कल करणारें एक लांबलचक नृत्यगीत आहे, आणि दूरचित्रवाणीवर तें पुष्कळदां कापून दाखवितात. नातवंडांसमोर आजोबांच्या आवडीचा चित्रपट लावतांना पंचाईत होते ती अशा जागीं.

बॉब क्लार्क ह्या दिग्दर्शकाची गोष्ट अधिक गमतीची आहे. त्यानें १९७४ सालीं ‘ब्लॅक ख्रिसमस’ नांवाचा, नाताळच्या सुट्टींत वसतिगृहांतील मुलींचे एकामागून एक खून होतात असा, भयपट काढला. आणि त्याच गृहस्थानें १९८३ सालीं ‘ए ख्रिसमस स्टोरी’ काढला: नाताळांत खेळण्यांतली बंदूक मिळावी म्हणून धडपडणाऱ्या एका मुलाची, जीन शेपर्ड ह्यांच्या आठवणींवरची कथा. पहिल्यानें त्याला बेताचेंच यश आलें. पण १९९७ पासून एका अमेरिकन वाहिनीनें तो नाताळच्या आदल्या संध्याकाळपासून सलग चोवीस तास लावण्यास सुरुवात केली, आणि मग क्लीव्हलंडमधील त्याच्या चित्रीकरणाचें घर पाहावयास लोक यात्रेस जावें तसे जाऊं लागले. नाताळ गोड आहे असें मानणारे आणि नाताळ भयाण आहे असें मानणारे, दोन्ही पंथांची सोय एकाच माणसानें करून ठेवली.

आतां सर्वांत कडाक्याचा वाद. १९८८ च्या जुलै महिन्यांत ‘डाय हार्ड’ लागला. न्यूयॉर्कचा एक पोलीस अधिकारी, दुरावलेल्या बायकोला भेटावयास नाताळच्या आदल्या संध्याकाळीं लॉस एंजल्स येथें येतो. ती जेथें काम करते त्या उंच इमारतींत मेजवानी चाललेली असतांना दरोडेखोर शिरतात. आणि हा अनवाणी पायांनीं, कांचांवरून चालत, एकटा त्यांस पुरून उरतो. हा नाताळचा चित्रपट आहे काय? नायक ब्रूस विलिस ह्यांनीं २०१८ सालीं एका समारंभांत ‘नाहीं’ म्हणून जाहीर केलें. पटकथाकार स्टीव्हन डिसूझा ‘आहे’ म्हणतात. दिग्दर्शक जॉन मॅक्टिअर्नन ह्यांनीं २०२० सालीं, आपला तसा हेतु नव्हता पण पुढें तो तसा झाला, असें सांगितलें. आणि सांगतांना काप्रांच्या चित्रपटांतील त्या पॉटरच्या अंमलाखालच्या भेसूर गांवाचा दाखला दिला! म्हणजे ज्यांनीं तो मिळून केला त्यांचेंच एकमत नाहीं.

विरोधकांचें म्हणणें असें कीं, केवळ तिथीवरून कांहीं ठरत नाहीं. १९०९ सालीं काशिनाथ रघुनाथ मित्र ह्यांनीं ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हांपासून आपल्याकडे दिवाळींत हजारों गोष्टी छापल्या गेल्या, म्हणून कांहीं त्या दिवाळीच्या गोष्टी झाल्या नाहींत. हें बरोबर आहे. त्यावर एक कसोटी सुचते: कथेंतून सण काढून घ्यावा आणि कथा उभी राहते कीं कोसळते तें पाहावें. ‘डाय हार्ड’मधून नाताळ काढला तर नवरा बायकोकडे येण्यास निमित्त उरत नाहीं, कचेरींतील मेजवानी उरत नाहीं, आणि रिकामी इमारतही उरत नाहीं. ह्या कसोटीवर तो उतरतो, आणि आम्ही तो नाताळचा म्हणण्यास तयार आहों. जरी सणासुदीच्या दिवशीं इतका रक्तपात पाहण्याची आमची स्वतःची हौस नाहीं.

परंतु ही कसोटी युरोपांत नेली कीं निकामी होते. १९७३ सालीं चेकोस्लोव्हाकिया आणि पूर्व जर्मनी ह्यांनीं मिळून सिंड्रेलाच्या कथेवर एक चित्रपट काढला. वाक्लाव व्होर्लिचेक हे दिग्दर्शक, लिबुशे शाफ्रान्कोव्हा ही नायिका. तो मुळांत उन्हाळ्यांत घ्यावयाचा होता. जर्मन स्टुडिओची मंडळी हिवाळ्यांत मोकळी होती म्हणून तो हिवाळ्यांत गेला. बर्फ पुरेसें पडेना तेव्हां कृत्रिम बर्फांत मासळीची भुकटी मिसळली, आणि तिची दुर्गंधि सर्वांना सोसावी लागली. ह्या चित्रपटांत नाताळ कोठेंही नाहीं. तरी जर्मनींत आणि चेक लोकांत त्याच्यावांचून नाताळ होत नाहीं, आणि नॉर्वेंत तर तो नाताळच्या आदल्या दिवशीं सकाळीं सारें राष्ट्र पाहतें. नॉर्वेच्या आवृत्तींत राजापासून सिंड्रेलापर्यंत सगळ्यांचीं वाक्यें क्नूट रिसान हे एकटेच गृहस्थ बोलतात. परक्याला हें चमत्कारिक वाटेल. पण दुसऱ्या आवाजांत तो चित्रपट नॉर्वेंतल्या कोणास गोड लागणार नाहीं. आपल्याकडे आजीनें सांगितलेल्या गोष्टींत राजा, राणी आणि राक्षस आजीच्याच आवाजांत बोलत, त्यांतलाच हा प्रकार.

स्वीडनमध्यें १९६० पासून नाताळच्या आदल्या दिवशीं दुपारीं तीन वाजतां डिस्नेच्या व्यंगचित्रपटांचे तुकडे लागतात, आणि त्या घटकेला कुटुंबेंच्या कुटुंबें तेथें येऊन बसतात. प्रारंभीं स्वीडनांत वाहिनीच एक होती, हें ह्या एकमताचें मोठें कारण. जेथें निवड नाहीं तेथें वाद कशाचा? आज प्रत्येकाच्या हातांत आपापला पडदा आहे, आणि ‘आपल्या घरचा नाताळचा चित्रपट कोणता’ हा प्रश्न आज इतका तीव्र झाला आहे तो ह्यामुळेंच असावा; पूर्वी त्याचें उत्तर दुसरा कोणीतरी देत असे. तरी त्या जुन्या उत्तरावरही लोक हक्क सांगतात. पोलंडमध्यें १९९० चा ‘होम अलोन’ हा अमेरिकन चित्रपट दर नाताळांत लागतो. २०१० सालीं वाहिनीनें तो वगळण्याचें ठरविलें तेव्हां प्रेक्षकांनीं एवढा गहजब केला कीं तो परत लावावा लागला. घरीं एकटा विसरून राहिलेल्या त्या मुलाचे आईबाप पॅरिसला पोंचतात, तेव्हां तेथें दूरचित्रवाणीवर फ्रेंच भाषेंत काय चाललेलें असतें? काप्रांचाच चित्रपट.

अमेरिकेंत हॉलमार्क वाहिनीनें २००९ पासून ह्या आवडीचा कारखानाच काढला. दर हंगामाला नाताळच्या डझनावारी नव्या प्रेमकथा निघतात. पुष्कळशा कॅनडांत, भर उन्हाळ्यांत, थोड्या आठवड्यांत उरकलेल्या. त्यांविषयीं वाङ्मयीन चर्चा करण्यासारखें थोडें आहे. पण २०१९ च्या डिसेंबरांत ह्या वाहिनीनें दोन वधूंचा विवाह दाखविणारी एक जाहिरात एका गटाच्या तक्रारीवरून काढली, आणि दुसऱ्या बाजूनें त्याहून मोठा गिल्ला होतांच क्षमा मागून परत घेतली. त्या चार दिवसांत प्रश्न चित्रपटाचा राहिलाच नव्हता. सणाच्या पंक्तीला पाट कोणासाठीं मांडावयाचा, हा होता. स्वीडनमध्यें २०१२ सालीं डिस्नेच्या त्या कार्यक्रमांतून एका काळ्या बाहुलीचें दृश्य गळलें, तेव्हांही असेंच झालें. कित्येकांनीं आपलें बालपण कापलें म्हणून आक्रोश केला. तर कित्येकांनीं विचारलें कीं, हें दृश्य पाहतांना ज्यांना मान खालीं घालावी लागे तींही ह्याच देशांतलीं मुलें नव्हतीं काय?

शेवटीं रशियाकडे वळूं. सोव्हिएट राजवटींत नाताळ नव्हता. सजविलेल्या झाडावरही सरकारची वक्रदृष्टि झाली होती. १९३५ च्या डिसेंबरअखेर पावेल पोस्टिशेव्ह ह्यांचें पत्र ‘प्रावदा’ पत्रांत छापून आलें, आणि तें झाड नववर्षाचें झाड म्हणून परत आलें. त्या नववर्षाला त्याचा चित्रपट १ जानेवारी १९७६ रोजीं मिळाला: एल्दार र्‍याझानोव्ह ह्यांचा, दूरचित्रवाणीसाठीं दोन भागांत केलेला ‘दैवाची थट्टा’. मॉस्कोचा एक डॉक्टर मित्रांबरोबर स्नानगृहांत यथेच्छ पितो आणि दुसऱ्याच्या ऐवजीं चुकून विमानांतून लेनिनग्राडला पोंचतो. आपण मॉस्कोंतच आहों अशा समजुतीनें तो घरचा पत्ता सांगतो. तेथेंही त्याच नांवाचा रस्ता, तशीच इमारत, त्याच क्रमांकाचें घर. आणि खिशांतली किल्ली त्या कुलपाला लागते. एकाच साच्यांतून काढलेल्या सरकारी घरांची इतकी नेमकी टवाळी सरकारी दूरचित्रवाणीवर चालून गेली, हें आश्चर्यच. नंतर दर ३१ डिसेंबरला तो चित्रपट बाल्टिकपासून पॅसिफिकपर्यंत पाहिला जाऊं लागला. सोव्हिएट संघ १९९१ सालीं मोडला, तरी पाहणें मोडलें नाहीं.

त्या घरांत राहणारी शिक्षिका नाद्या ही तर तीन स्त्रियांची मिळून झालेली. रूप बार्बारा ब्रिल्स्का ह्या पोलिश नटीचें. गाणें अल्ला पुगाचेव्हा ह्यांचें. आणि बोलणें व्हॅलेंटिना तालिझिना ह्यांचें, कारण ब्रिल्स्कांच्या रशियन बोलण्यांत पोलिश हेल येई. २०१४ सालीं क्रिमिया प्रकरणानंतर रशिया व युक्रेन ह्यांचें वैर पेटलें, आणि २०१५ सालीं युक्रेन सरकारनें राष्ट्राच्या सुरक्षिततेस धोका असलेल्या व्यक्तींच्या यादींत तालिझिना ह्यांचें नांव घातलें. चित्रपट दाखवावा कीं दाखवूं नये ह्यावर लगेच वाद सुरू झाला. ज्यांनीं तो लहानपणापासून आईबापांच्या मांडीला मांडी लावून पाहिला होता, अशीं माणसें दोन्ही बाजूंना होतीं. तालिझिना ह्या चित्रपटांत नाद्याच्या मैत्रिणीच्या लहानशा भूमिकेंत स्वतः दिसतातही. तेवढें कात्रीनें काढून टाकतां आलें असतें. पण नायिका ज्या ज्या वेळीं तोंड उघडते, त्या त्या वेळीं ऐकूं येतो तो आवाज त्यांचाच आहे.